लॉगचा गाळ

१ मे २०२५. सकाळचे सात वाजायचे होते आणि फोन आला, "भाऊ, साइट काहून उघडून नाही राहिली?" खामगावकडचं एक छोटं बातम्यांचं पोर्टल आहे, त्याचा सर्व्हर मी सांभाळतो. आदल्या दिवशी अक्षय तृतीया होती. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला त्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. अठरा प्रकारची धान्यं गोलाकार मांडतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांवर पाण्यानं भरलेली घागर ठेवतात. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे काय हललं, काय विखुरलं ते पाहून पाऊसपाण्याचा आणि पिकांचा अंदाज सांगतात. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण त्या सकाळी हजारो शेतकरी मोबाइलवर भेंडवळ शोधतात हे मी आकड्यांत पाहिलेलं आहे. या पोर्टलवर वर्षातली सगळ्यात मोठी वाचकांची गर्दी त्या दोन-तीन तासांत होते. नेमकं तेव्हाच ते बंद पडलं होतं.

गर्दीनं सर्व्हर झोपला असं आधी वाटलं. पण आत शिरून पाहिलं तर प्रोसेसर निवांत होता, मेमरीही शिल्लक होती. डिस्क मात्र शंभर टक्के भरलेली. २५ जीबीची डिस्क. तिच्यात बातम्या, फोटो आणि डेटाबेस मिळून नऊ जीबी, सिस्टीम चार-पाच जीबी, आणि बाकीची सगळी जागा लॉगच्या दोन फाइलींनी खाल्लेली. एक अॅक्सेस लॉग, दुसरा एरर लॉग. दीड वर्षापासून दोन्ही वाढत होत्या, एकदाही कुणी उघडून बघितल्या नव्हत्या. त्या कुणीमध्ये मीही आलो.

डिस्क भरल्यावर साइट एकदम मरत नाही, म्हणूनच घोळ लवकर लक्षात येत नाही. तयार पानं आणि फोटो नुसते वाचून पुढे द्यायचे असतात, ते सर्व्हर देत राहतो. लिहावं लागतं तिथे सगळं अडतं. डेटाबेसला नवी नोंद करता येत नाही, लॉगिन केलेल्या माणसाची सेशन फाइल तयार होत नाही, नवा फोटो चढत नाही. काहींना जुनी बातमी दिसते, काहींना कोरं पान दिसतं, आणि संपादकाला स्वतःच्याच साइटवर लॉगिन होता येत नाही. सकाळी सातला हे सगळं एकदम सुरू असलं की माणूस घाबरून सर्व्हर रिस्टार्ट करतो. रिस्टार्टनं जागा होत नाही, उलट डेटाबेस पुन्हा उभा राहायलाच नकार देऊ शकतो. म्हणून साइट अर्धवट चालत असेल तर रिस्टार्टच्या आधी डिस्क बघावी.

लॉग म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला बाजार समितीच्या गेटवरून चटकन समजतं. खामगाव किंवा मलकापूरच्या बाजार समितीत सोयाबीनची गाडी शिरली की गेटवर नोंद होते. गाडीचा नंबर, वेळ, माल कोणता, वजन किती. वेब सर्व्हरही तेच करतो. कुणी काहीही मागितलं की एक ओळ लिहितो. १९९३ च्या सुमारास एनसीएसए या अमेरिकन संस्थेनं वेब सर्व्हर बनवला तेव्हा या ओळीचा साचा ठरला. १९९५ साली अपाचे आला, २००४ साली इगोर सिसोएव्ह यांचा एनजिनएक्स आला, पण साचा जवळजवळ तोच राहिला. तीसेक वर्षं जगभरचे सर्व्हर एकाच नमुन्याच्या वहीत लिहीत आहेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

एक ओळ जवळून बघू. मूळ फाइलीत ती रोमन अक्षरांत असते, इथे देवनागरीत उतरवतो. पत्ता उदाहरणासाठी राखून ठेवलेल्या मालिकेतला आहे, कुणा वाचकाचा नाही:

२०३.०.११३.५७ - - [०१/मे/२०२५:०६:४२:१३ +०५३०] "गेट /भेंडवळ-घटमांडणी-अंदाज एचटीटीपी/१.१" २०० १८४३२ "फेसबुक" "मोझिला/५.० लिनक्स, अँड्रॉइड"

पहिला आकडा मागणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे गाडीचा नंबर. मग वेळ. +०५३० म्हणजे आपली भारतीय वेळ. सर्व्हर परदेशी वेळेवर लावलेला असला की इथे +०००० दिसतं आणि सकाळचे ६:४२ हे रात्रीचे १:१२ होऊन बसतात. मध्यरात्री कोण एवढं वाचतंय म्हणून मी एकदा अर्धा दिवस बॉट शोधत होतो. ते सकाळी उठलेले आपलेच शेतकरी होते. पुढे काय मागितलं ते. मग २००, म्हणजे मागितलेलं मिळालं. तिथे ४०४ असेल तर तसं पान नाही, ५०० असेल तर सर्व्हरच्या आत काहीतरी तुटलं. १८४३२ हे वजन, किती बाइट दिले ते. मग वाचक कुठून आला, आणि शेवटी त्याचा ब्राउझर आणि फोन.

अशी एक ओळ सरासरी अडीचशे बाइटची धरा. अडीचशे बाइट म्हणजे काहीच नाही. पण वाचक एक पान उघडतो तेव्हा ब्राउझर त्या पानातले फोटो, फॉन्ट, जाहिराती, रंगरूपाच्या फाइली असं सगळं एकेक करून मागतो. चाळीस गोष्टी सहज होतात, आणि प्रत्येकीची वेगळी ओळ पडते. समजा, याहून मोठ्या साइटवर दिवसाला २०,००० वेळा पानं उघडली, तर आठ लाख ओळी. गुणिले अडीचशे म्हणजे २० कोटी बाइट, रोजचे २०० एमबी. महिन्याचे सहा जीबी. पंचवीस जीबीच्या डिस्कवर हा हिशेब किती दिवस टिकेल ते सांगायला नको.

मराठी साइटला आणखी एक भार पडतो, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तो कुठे लिहिलेला मला सापडला नाही. बातमीचा पत्ता देवनागरीत असेल तर सर्व्हर तो देवनागरीत लिहीत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, साठवायला तीन बाइट लागतात. वेबपत्त्यात त्यातला प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा तीन जागांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ बाइट. "भेंडवळ" या शब्दात चिन्हं सहा: भ, मात्रा, अनुस्वार, ड, व, ळ. झाले ५४ बाइट. "भेंडवळ-घटमांडणी-अंदाज" या अख्ख्या पत्त्याचे १७३ बाइट होतात. तोच पत्ता रोमन अक्षरांत लिहिला तर २६. हा पत्ता फक्त बातमीच्या ओळीत येऊन थांबत नाही. त्या पानावरचा फोटो मागताना ब्राउझर सांगतो की मी अमुक पानावरून आलो, म्हणजे फोटोच्या प्रत्येक ओळीतही तो पुन्हा उमटतो. फरक १४७ बाइटचा, ओळी आठ लाख. वरच्या २०० एमबीत रोज आणखी जवळपास ११८ एमबीची भर पडली, केवळ पत्ता मराठीत आहे म्हणून.

यावर मला सल्ला मिळाला की पत्ते रोमनमध्ये करून टाका. तो मला पटत नाही. वाचकाला पत्त्यातही "लोणार" दिसावं, "शेगाव" दिसावं, त्यात त्याची सोय आहे आणि आपल्या भाषेचा हक्कही आहे. जागेचा प्रश्न वहीच्या बाजूनं सोडवता येतो, तो कसा ते पुढे येईलच.

त्या सकाळी मी पहिली चूक काय केली ते आधी सांगतो, कारण ती फार जण करतात. सहा जीबीची अॅक्सेस लॉग फाइल दिसली आणि मी ‘आरएम’ कमांडनं ती उडवली. फोल्डरमधून फाइल गेली. पण डिस्क पुन्हा तपासली तर शंभर टक्केच. एक बाइटही मोकळा झाला नव्हता.

लिनक्समध्ये फाइलीचं नाव आणि फाइलीतला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण नाव पुसतो. मजकूर मात्र कुठलाही चालू प्रोग्राम ती फाइल हातात धरून बसलेला असेपर्यंत डिस्कवरच राहतो. रेशनकार्डावरून नाव कमी केलं म्हणून माणूस घरातून जात नाही, तसंच हे. एनजिनएक्सनं ती फाइल उघडून ठेवली होती आणि त्या बिनानावाच्या फाइलीत तो पुढेही निमूट लिहीत होता. अशा नाव गेलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइली ‘एलएसओएफ’ या कमांडला अधिक एल एक जोडलं की दिसतात. एनजिनएक्सला रीलोड केलं, त्यानं जुनी फाइल सोडली आणि सहा जीबी एका क्षणात मोकळे झाले. पोर्टल सुरू झालं. पण दीड वर्षाची नोंदही गेली, ती काही परत आली नाही.

आता तेच काम नीट कसं करायचं.

आधी मोजायचं. ‘डीएफ’ला एच जोडून दिलं की कुठली डिस्क किती भरली ते जीबीत दिसतं. लगेच ‘डीएफ’ला आय जोडून पुन्हा बघा. डिस्कवर किती फाइली ठेवता येतील यालाही मर्यादा असते, आणि लाखो बारीक सेशन फाइलींनी ती संपली तर जागा असूनही "जागा नाही" असंच उत्तर मिळतं. ‘डीएफ’चा हिशेब जुळत नाही असं वाटलं तर घाबरू नका. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ पद्धतीची डिस्क साधारण पाच टक्के जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. डिस्क भरल्यावरही तुम्ही आत शिरून काम करू शकता ते त्याच जोरावर.

मग ‘डीयू’. ही कमांड एकेका फोल्डरचं वजन सांगते. ‘/वार’पासून सुरुवात करा, सगळ्यात जड फोल्डरमध्ये शिरा, तिथे पुन्हा मोजा. तीन-चार पायऱ्यांत चोर सापडतो. बहुतेक वेळा तो ‘/वार/लॉग’मध्ये असतो, पण तिथे नसेल तर साइटच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघा. ज्यांचं शेअर्ड होस्टिंग आहे आणि टर्मिनल हाताशी नाही, त्यांनी सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘एरर अंडरस्कोर लॉग’ नावाच्या फाइली शोधाव्यात. पीएचपीची चूक ज्या फोल्डरमध्ये होते त्याच फोल्डरमध्ये ती तयार होते, तिला कुणी आवरत नाही, आणि पाच-सहा फोल्डरांत मिळून जीबीभर होऊन बसते.

मोजून झालं की वाचायचं. डिस्क भरलेली असताना वाचत बसायला धीर नसतो हे मला कळतं. पण पुसण्यापूर्वी शेवटच्या हजार ओळी तरी ‘टेल’ कमांडनं डोळ्यांखालून घालाच. फाइल इतकी का फुगली त्याचं कारण तिच्यातच लिहिलेलं असतं. ते न बघता पुसली तर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच होतं.

आमच्या एरर लॉगमध्ये काय निघालं? काही महिन्यांपूर्वी पीएचपीची आवृत्ती बदलली होती. एक जुना प्लगिन तेव्हापासून प्रत्येक पान उघडताना तीसेक इशारे लिहीत होता, की ही पद्धत आता जुनी झाली, पुढे बंद होईल. वाचकाला काहीच दिसत नव्हतं, साइट नीट चालत होती, आणि मागे मात्र एका पानामागे तीस ओळी साचत होत्या. प्लगिन अद्ययावत करायला दहा मिनिटं लागली.

अॅक्सेस लॉगमध्ये रीलोडनंतर ज्या नव्या ओळी साचल्या, त्यांत दोन गोष्टी निघाल्या. एक, वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर दिवसरात्र धडका मारणारे बॉट. पासवर्डचा अंदाज घेत ते हजारो वेळा येतात आणि प्रत्येक धडकेची ओळ पडते. जोडीला शोधयंत्रांचे आणि आता एआय कंपन्यांचे क्रॉलर, जे जुन्या बातम्यांची पानंच्या पानं उपसत असतात. दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी होती. पोर्टलवर बाजारभावाचं एक पान होतं, ते दर दहा सेकंदांनी सर्व्हरला नवे भाव विचारत होतं. हिशेब करा. ५०० लोकांनी पान उघडून फोन बाजूला ठेवला, तर सेकंदाला ५० विनंत्या. अडीचशे बाइटच्या ओळीनं तासाला ४५ एमबी. सोयाबीन-कापसाचे भाव दिवसातून मोजक्या वेळा बदलतात. दहा सेकंदांची पाच मिनिटं केली, तर या पानाच्या ओळी तिसाव्या हिश्शावर आल्या. शेतकऱ्याचा डेटा आणि बॅटरी वाचली ती वेगळीच, आणि मला त्याचं समाधान जास्त आहे.

आता जागा मोकळी करायची. मोठी फाइल दाबून, म्हणजे जीझिप करून ठेवावी असं पहिल्यांदा मनात येतं, आणि ते बरोबरही आहे. लॉगमध्ये तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत असल्यानं ती साधारण दहाव्या हिश्शावर येते, कधी त्याहूनही खाली. मराठी पत्त्यांचा फुगाराही यात जवळजवळ नाहीसा होतो. पण जीझिप नवी फाइल पूर्ण तयार झाल्यावरच जुनी काढतो, आणि त्या नव्या फाइलीला जागा कुठून आणणार? म्हणून आधी थोडी निरुपद्रवी जागा उपसायची. उबुंटू-डेबियनवर ‘एपीटी क्लीन’ दिलं की डाउनलोड होऊन पडलेली पॅकेजेस जातात. ‘जर्नलसीटीएल’ला ‘व्हॅक्यूम साइझ’ सांगून २०० एमबी दिलं की सिस्टीमची स्वतःची जुनी नोंदवही तेवढ्यात आवरते. एवढ्यानं बऱ्याचदा जीबीभर सुटतो. तेवढंही सुटलं नाही तर फाइल एसएसएचवरून दाबता दाबता सरळ आपल्या संगणकावर ओढून घ्यायची, सर्व्हरवर काही लिहायचंच नाही.

प्रत हाताशी आली की मूळ फाइल उडवायची नाही, रिकामी करायची. ‘ट्रंकेट’ कमांडला आकार शून्य सांगायचा. नाव तेच राहतं, सर्व्हरच्या हातातली फाइलही तीच राहते, फक्त आतला मजकूर जातो आणि जागा त्याच क्षणी परत मिळते. अपाचे आणि एनजिनएक्स नेहमी फाइलीच्या शेवटी लिहितात, त्यामुळे रिकाम्या फाइलीत ते पहिल्या ओळीपासून बिनबोभाट पुन्हा सुरू करतात. ‘आरएम’ आणि ‘ट्रंकेट’ यांतला हा फरक मला त्या सकाळी माहीत होता, घाईत आठवला नाही.

हे झालं संकटातलं काम. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तलावाच्या गाळाचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. तलाव-नाल्यांतली माती काढून ती महामार्गाच्या भरावाला वापरायची आणि खोदलेल्या जागी पाणी साठवायचं, या कामाला बुलढाणा पॅटर्न असं नावच पडलं. लॉगकडे मी तसंच पाहतो. साचू दिला तर तलाव उथळ होतो, पण काढलेला गाळ फेकून द्यायचा नसतो. आणि तो दरवर्षी काढावा लागतो, तलाव भरून वाहायची वाट बघत नाहीत.

हे नेमानं करणारा नोकर लिनक्समध्ये आधीपासून असतो, त्याचं नाव लॉगरोटेट. रोज एकदा तो उठतो, चालू वहीचं नाव बदलून बाजूला ठेवतो, कोरी वही उघडून देतो, जुन्या वह्या दाबतो आणि ठरवलेल्या संख्येपेक्षा जुनी वही टाकून देतो. मग आमच्या सर्व्हरवर तो काय करत होता? तो होता, रोज उठतही होता. पण त्याला फक्त ‘/वार/लॉग/एनजिनएक्स’ एवढाच पत्ता दिलेला होता. साइट दुसऱ्या सर्व्हरवरून हलवताना लॉग साइटच्या फोल्डरमध्ये वळवले गेले, आणि त्याला ते कुणी सांगितलं नाही. तो रोज रिकामं फोल्डर झाडून परत जात होता. तुमच्या सर्व्हरवरही हे आधी तपासा. एनजिनएक्स किंवा अपाचेच्या कॉन्फिगमध्ये लॉगचा जो मार्ग लिहिलाय तो, आणि ‘/ईटीसी/लॉगरोटेट डॉट डी’मधल्या फाइलीत जो लिहिलाय तो, दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा.

कॉन्फिगमधले शब्द थोडकेच आहेत. ‘डेली’ म्हणजे रोज. ‘रोटेट’पुढचा आकडा म्हणजे किती वह्या ठेवायच्या. ‘कॉम्प्रेस’ म्हणजे दाबा. ‘डेटएक्स्ट’ दिलं की जुन्या वहीच्या नावात तारीख येते, नुसत्या एक-दोन-तीन आकड्यांपेक्षा शोधायला फार सोपं. ‘डिलेकॉम्प्रेस’ म्हणजे कालची वही आज दाबू नका, उद्या दाबा. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. फाइलीचं नाव बदललं तरी सर्व्हर तीच फाइल धरून असतो, ‘आरएम’च्या वेळी पाहिलं तसंच. त्याला "आता नवी उघड" असं सांगावं लागतं. ते सांगणं ‘पोस्टरोटेट’ या भागात असतं, एनजिनएक्सला तिथून यूएसआर१ नावाचा इशारा जातो. इशारा मिळाल्यावरही एखादी चालू विनंती जुन्याच वहीत शेवटची ओळ लिहू शकते, म्हणून दाबायला एक दिवस थांबायचं. ‘पोस्टरोटेट’ विसरलात तर सर्व्हर कालच्या नावाच्या फाइलीत लिहीत राहतो आणि आजची कोरीच राहते. सकाळी शून्य बाइटची फाइल दिसली की पहिला संशय याचा घ्यावा.

आणखी एक फसवा शब्द ‘मॅक्ससाइझ’. ५०० एमबी लिहिलं की फाइल त्यापुढे जाणारच नाही असं वाटतं. लॉगरोटेट जेव्हा उठतो तेव्हाच तो माप बघतो, आणि तो उठतो दिवसातून एकदा. भेंडवळच्या सकाळी, १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जयंती असते तेव्हा, किंवा जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि अख्ख्या जगानं ते शोधलं तशा एखाद्या दिवशी, चोवीस तास म्हणजे फार झाले. ‘मॅक्ससाइझ’ वापरायचं असेल तर लॉगरोटेटला तासातासानं उठवा.

वह्या ठेवायच्या किती? २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं निर्देश काढले. त्यांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. छोट्या पोर्टलला हे नेमकं किती लागू होतं याचा खल करत बसण्यापेक्षा मी सगळीकडे ‘रोटेट १८०’ लावतो. रोजचे २०० एमबी धरले तर १८० दिवसांचे ३६ जीबी, आपल्या डिस्कवर मावणारच नाहीत. दाबून ठेवले तर साडेतीन-चार जीबी. तेही आठवड्यातून एकदा दुसऱ्या जागी उचलून नेले की सर्व्हरवर पंधरा दिवसांचेच राहतात. साइटमध्ये कुणी शिरलं हे पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांनी कळतं, आणि कुठून शिरलं त्याचं उत्तर याच दाबलेल्या वह्यांत असतं. त्या उघडाव्याही लागत नाहीत, ‘झेडग्रेप’ बंद फाइलीतच शोधून देतो.

सहा महिन्यांपलीकडचं ठेवून घेण्याचा मात्र मोह धरू नये. आयपी पत्ता, वेळ, कोणती पानं वाचली, हे एका जित्याजागत्या माणसाचं वागणं आहे. ते आपल्याकडे विश्वासानं आलंय. म्हणून दोन गोष्टी आजच बघा. लॉगची फाइल साइटच्या उघड्या फोल्डरमध्ये नाही ना? वर्डप्रेसचा ‘डीबग लॉग’ सुरू केला की ती फाइल ‘डब्ल्यूपी कंटेंट’मध्ये तयार होते, आणि अडवली नसेल तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कुणीही ती वाचू शकतो. दुसरं, तुमचा एखादा फॉर्म भरलेली माहिती वेबपत्त्यात तर पाठवत नाही? तसं असेल तर वाचकाचा मोबाइल नंबर, मुलीचा परीक्षा क्रमांक लॉगमध्ये उघडा लिहिला जातो. फॉर्म ‘गेट’ऐवजी ‘पोस्ट’नं पाठवा, म्हणजे ते थांबेल.

आता मघाचा मराठी पत्त्यांचा प्रश्न. फोटो, फॉन्ट आणि रंगरूपाच्या फाइलींची नोंद मी बंदच करून टाकतो. एनजिनएक्समध्ये त्या फाइलींपुरतं ‘अॅक्सेस लॉग ऑफ’ लिहिलं की झालं. आठ लाख ओळींच्या वीस-पंचवीस हजार ओळी होतात. आपला फोटो दुसरं कोण उचलून वापरतंय ते यानं कळत नाही, एवढा एक तोटा. मला तो परवडतो. वाचक कोणती बातमी वाचायला आला ते पूर्ण राहतं, आणि पत्ताही मराठीतच राहतो.

शेवटी एक पहारेकरी बसवला. दर पंधरा मिनिटांनी ‘डीएफ’ बघायचं आणि डिस्क ८० टक्क्यांवर गेली की माझ्या आणि संपादकांच्या फोनवर संदेश टाकायचा. ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमधल्या चार ओळींचं काम आहे.

कॉन्फिग बदललं की लॉगरोटेटला आधी ‘डी’ जोडून चालवा. तेव्हा तो काहीही हलवत नाही, काय करणार आहे एवढंच सांगतो. यादीत तुमच्या फाइलीचं नाव दिसलं पाहिजे. मग ‘एफ’ जोडून एकदा खरोखर फिरवा, आणि पुढचे दोन-तीन दिवस सकाळी फोल्डर उघडून बघा. आमच्याकडे तिसऱ्या सकाळी परवाची तारीख नावात घेऊन पहिली दाबलेली वही आली, अवघी काहीशे केबी. शेजारी कालची, अजून न दाबलेली. आणि चालू फाइलीत सहा वाजून काही मिनिटांनी कुणीतरी मोताळ्याची बातमी उघडल्याची ओळ नुकतीच पडली होती.